साक्षीदाराचा रकाना

वाडी, ता. वसमत
२३ जून २०२४

प्रिय ताई,

फोन आबांच्या पेटीत कुलपात आहे, म्हणून पत्र. कुरुंद्याच्या पोस्टातल्या पारुबाईंनी पाकीट दिलं आणि पत्ता उजव्या बाजूला लिहायचा असतो हेही शिकवलं. तुझं उत्तर आलं तर त्या माझ्याच हातात देणार आहेत. तसं मी वदवून घेतलंय.

फोन काहून गेला ते आईनं तुला सांगितलं नसेल. पुनमच्या हळदीत मी नाचलो. चिंतामणी रंगाची ओढणी होती, काठाला टिकल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो आता शाळेतल्या सगळ्यांच्या घरी पोचलाय. नाच चांगला झाला होता ताई. दोन गिरक्या घेतल्या, दुसरी जरा ढिली पडली एवढंच.

दहावीचा वर्ग सुरू झाला. माझ्या मागच्या बाकावर विजयकुमार बसतो. उकंडरावांचा. आपली मेंढरं घेणारे तेच उकंडराव, या वर्षी शाळा समितीचे अध्यक्षही तेच. बाकी सगळं ठीक आहे. नव्या शर्टाला पाठीमागं शाईचा डाग पडला, तो तेवढा जात नाही.

वर्गात तांड्यावरची एक नवी मुलगी आली आहे, देवला. पहिल्याच दिवशी सगळा वर्ग माझ्याकडं बघून हसत होता, तेव्हा ती जवळ आली आणि म्हणाली, "डाव्या डोळ्याचं काजळ वाकडं आलंय तुझं. आरशात बघून लावत न्हाईस का?" एवढंच बोलून जाग्यावर जाऊन बसली. वर्गाला हसायचं का नाही तेच कळेना.

तुझा,
प्रभू

.

चाकण
४ जुलै

प्रभू,

पत्र १ तारखेला मिळालं.

शाईचा डाग खिशाला पडतो. पाठीवर शाई पडायला मागे कुणीतरी लागतं. डागाचा रंग कोणता, आकार केवढा, ते लिही. "सगळं ठीक आहे" हे वाक्य मला पाठवत जाऊ नकोस, ते तपासता येत नाही.

मी इथे प्रेशर गेज तपासते. प्रत्येक यंत्राला किती दाब सोसतो ते त्याच्यावर छापलेलं असतं, आणि आपण त्याच्या आत राहायचं असतं. म्हणून सांगते. काजळ बंद कर. नखं काप. ओढणी आणि गिरकी मार्चपर्यंत बंद. तू चुकतोस म्हणून नव्हे. आठ महिने काढायचे आहेत म्हणून. मीही तिथे मान खाली घालूनच शिकले.

दहावी झाली की इथे ये. तंत्रनिकेतनाचा फॉर्म मी भरेन. ठरलेलं लग्न मोडून मी निघाले तेव्हापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत. तुला घेऊन आले तर अजून काही वर्षं बोलणार नाहीत. त्यात नवीन काही नाही.

सोबत एक छोटी बाटली आहे. नखांना लावायची. बिनरंगी आहे, कुणाला दिसणार नाही. तुला माहीत असेल, तेवढं पुरे.

सत्यशीला

.

वाडी
११ ऑगस्ट

प्रिय ताई,

बाटली मिळाली. बिनरंगी बघून आधी हसू आलं. पण उन्हात बोट तिरकं धरलं की चमकतं. देवलाला दाखवली तर म्हणाली, "ताई तुझी हुशार हाय, पण कंजूष हाय. रंग तरी धाडायचा." पत्राखाली तू सत्यशीला काहून लिहितेस? मी काय तुझा साहेब आहे का?

काजळ बंद केलं. नखं कापली. फरक पडला नाही.

आता डागाचं लिहितो. शाई नव्हती. हिरवा पंजा होता.

तुला सांगायला नको. आपल्या मेंढराच्या मानेवर गेरूचा लाल टिळा असतो, तो आपला. आणि गाडी यायच्या आदल्या दिवशी उकंडराव डबा घेऊन येतात, आणि जी जनावरं कापायला जायची त्यांच्या मागच्या पुठ्ठ्यावर हिरवा पंजा मारतात. लहानपणी तू पंजा मारलेल्या मेंढीला पाणी पाजायला जायची नाहीस. म्हणायचीस, आता ती आपली नाही. तोच रंग. पोपटी नाही, शेवाळी नाही, त्या डब्याशिवाय कुठं दिसत नाही असा. विजयकुमारनं मधल्या सुट्टीत पाठीवर मारला. तेव्हापासून मी वर्गात शिरलो की कुणीतरी विचारतं, "गाडी किती वाजता हाय रे?"

आईनं शर्ट रॉकेलनं धुतला.  आबांनी दोरीवर वाळत घातलेला बघितला. थांबले. रंग ओळखला हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मग पाण्याची बादली उचलून मेंढरांच्या वाड्याकडं गेले. पुढच्या आठवड्यात उकंडराव आले तेव्हा आबांनीच त्यांना सतरंजी टाकून दिली. दुसरं घेणारं कुणी नाही ना इकडं.

पण खरी गंमत पुढं आहे. मागच्या सोमवारी देवला शाळेत आली तर तिच्या पाठीवर पंजा. हिरवाच. रंग कुठून आणला सांगत नाही. मी म्हणालो, येडी झालीस का. तर म्हणाली, "मागं हात पोचंना, म्हणून कुर्ता भुईवर पसरून मारला. बघ, माझा सरळ बसलाय, तुझा वाकडा हुता. आता दोन नग झाले. गाडी मोठी सांगा म्हणावं."

त्या दिवशी वर्गात गाडीचं कुणी विचारलं नाही.

तुझा,
प्रभू

.

चाकण
२० ऑगस्ट

प्रभू,

पत्र तीनदा वाचलं.

आता नोंद ठेवायची. वहीत रेघा आख. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कुणी केलं, साक्षीदार. असे सहा रकाने. विशेषणं नकोत. "खूप" आणि "नेहमी" हे शब्द नकोत. आमच्याकडे जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही असं धरतात, आणि शाळेतही तसंच धरतील.

साक्षीदाराचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तर बाकीचे पाच भरून उपयोग नाही.

देवलाला सांग, पंजा सरळ बसवल्याबद्दल मी तिचं कौतुक केलं आहे.

सत्यशीला

.

वाडी
६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

वहीचं पान फाडून पाठवतोय. रेघा देवलानं आखल्या, माझ्या सरळ येत नाहीत. इथं पुन्हा उतरवतो, पान गहाळ झालं तर असावं म्हणून.

१२ सप्टेंबर. दुपारी दीड. मुतारीच्या मागे. शर्ट काढायला लावून नाचायला लावलं, शूटिंग केलं. विजयकुमार आणि तिघं. साक्षीदार देवला.

२० सप्टेंबर. संध्याकाळी सव्वापाच. विहिरीजवळ. दप्तर विहिरीत टाकलं. मराठीचं पुस्तक निघालं, बाकी नाही. विजयकुमार आणि दोघं. साक्षीदार देवला.

३ ऑक्टोबर. सकाळी पावणेअकरा. सायकलींच्या शेडमध्ये. मेंढरं कातरायच्या कातरीनं समोरचे केस कापले. कानाला लागलं. विजयकुमार आणि तिघं. साक्षीदार देवला.

कातर आपलीच होती. विजयकुमारनं आबांकडून त्याच आठवड्यात मागून नेली होती. हे कुठल्या रकान्यात बसतं ते कळलं नाही. कसं वाटलं, असा रकाना तू दिला नव्हतास म्हणून तेही लिहिलं नाही.

साक्षीदार सगळीकडं एकच आहे. चालेल का? मला घेऊन जाताना दिसले की ती मागं मागं येते. अडवता तर येत नाही, मग उभी राहते आणि मोठ्यानं एकेकाचं पूर्ण नाव घेते, बापाच्या नावासकट, हजेरी घेतल्यासारखं. नाव घेतलं की त्यांचा हात ढिला पडतो. मी विचारलं, तुझं नाव टाकू का? म्हणाली, "टाक की. माझं नाव अजून कशातच आलं न्हाई."

दहावीनंतर तिलाही तिकडं यायचंय. मुलींचं वसतिगृह आहे का ते कळव. तिच्या आईबापाला ऊसतोडीला जावं लागतं, ती आजीजवळ राहून शिकते. तिच्या वडिलांनी, फुलसिंगकाकांनी, दहावीपर्यंत शिकवायचं कबूल केलंय. दहावी चुकली तर सगळंच चुकलं, म्हणते.

तुझा,
प्रभू

.

चाकण
१५ ऑक्टोबर

प्रभू,

तुझ्या नोंदी मी टाइप करून तक्ता केला आणि आज रजिस्टर पोस्टाने मुख्याध्यापकांना पाठवला. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. एक प्रत शाळा समितीच्या अध्यक्षांना. अध्यक्ष कोण आहेत ते मला माहीत आहे, पण नियमाने प्रत त्यांनाच जाते. तारीख, वेळ आणि जागेसकट गेलेली तक्रार दाबता येत नाही.

वसतिगृह आहे. देवलासाठीही फॉर्म घेईन.

सत्यशीला

.

चाकण
१ डिसेंबर

प्रभू,

तुझ्या शेवटच्या पत्रावरच्या तारखेपासून छप्पन्न दिवस झाले. दोन्ही पोचपावत्या माझ्याकडे परत आल्या आहेत, म्हणजे तक्रार पोचली. पुढचं कळव. वाईट असलं तरी कळव.

सत्यशीला

.

वाडी
१५ डिसेंबर

प्रिय ताई,

आबांनी फोन परत दिलाय. तरी पत्र लिहितोय, कारण हे तोंडानं सांगता येणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापक, उकंडराव, आबा, मी. आणि फुलसिंगकाकांना बोलावून घेतलं होतं, ते ऊसतोडीला निघायच्या गडबडीत होते. विजयकुमारला बोलावलं नव्हतं.

उकंडरावांनी तुझा तक्ता हातात घेतला. मधले रकाने त्यांनी वाचलेच नाहीत. जागा वाचली, वेळ वाचली आणि एकदम शेवटचा रकाना वाचला. "मुतारीच्या मागं, दुपारी दीड. देवला. विहिरीजवळ, शाळा सुटल्यावर. देवला. सायकलीच्या शेडात, शाळा भरायच्या आधी. देवला." मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "फुलसिंग, तुमची पोरगी ह्या पोरासंगं कुठं कुठं हुती, ते ह्याच्याच बहिणीनं टाइमासहित लिवून धाडलंय. म्या काही जोडलं न्हाई."

फुलसिंगकाकांना वाचता येत नाही. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला आणि टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून देवला शाळेत नाही. आजीजवळ ठेवली नाही. वसमतच्या पुढं त्यांची टोळी ऊस तोडून राहिली, तिथं नेली. उन्हाळ्यात लग्न उरकणार म्हणतात. परीक्षेचं कुणी काढतच नाही.

आणि माझं बरं झालंय.

ते तुला सांगायचं होतं. विजयकुमारनं खांद्यावर हात टाकला. "छुपा निघालास गड्या. आमी तुला बाई समजून राहिलो हुतो." आता डबा खायला बोलावतात. पंजा नाही, गाडी नाही. आबांनी पेटी उघडून फोन दिला आणि आईला म्हणाले, "पोरगंच हाय म्हणायचं." दोन वर्षांनी आमच्याबरोबर जेवायला बसले. भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली.

मला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो ताई. आज एकतीस दिवस झाले.

प्रभू

.

चाकण
२२ डिसेंबर

प्रभू,

चूक माझी आहे. तुझी नाही, देवलाची तर नाहीच.

मुलीचं नाव, वेळ आणि आडबाजूची जागा एका ओळीत आली की त्या गावात ती ओळ कशी वाचली जाते, हे मला माहीत असायला हवं होतं. मी त्याच गावात वाढले. पण मी तक्ता बरोबर आहे की नाही एवढंच तपासलं, तो कुणाच्या हातात जाणार ते तपासलं नाही. इथे अशी चूक केली असती तर माझ्याकडून सहीचा अधिकार काढून घेतला असता.

तू गप्प बसलास तेही मीच शिकवलं. मार्चपर्यंत सगळं बंद, असं लिहिलं होतं. ती सूचना मागे घेते. त्याऐवजी काय करायचं ते मात्र सांगत नाही. दोनदा सांगितलं, दोन्हीदा चुकलं.

एकच विचारते. देवलाचा परीक्षेचा फॉर्म भरला गेला होता का? भरला असेल तर हॉलतिकीट येईल. ती शाळेत असो वा नसो, ते येतं. ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

मी रजा मागितली आहे. तीन दिवसांची मिळेल, फेब्रुवारीच्या शेवटी.

सोबत बाटली आहे. या वेळी रंग आहे. नाव मला सांगता येत नाही, झाकणावर २१४ लिहिलं आहे.

ताई

.

वाडी
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

अक्षर माझं नाही, देवलाचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय. माझा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये आहे, सहा आठवडे.

(तो सांगतो तसंच लिहिते. मधे माझं काही असलं तर कंसात लिहीन. देवला.)

२१४ म्हणजे डाळिंबी. ती लावून मी जानेवारीत उसाच्या फडात गेलो. काजळही लावलं. फुलसिंगकाका मोळी बांधत होते. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, मला नीट बघा. ज्याच्यापायी तुमी देवलाची शाळा तोडली तो पोरगा असा दिसतो का?"

त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. म्हणाले, "मला कळून काय उपेग? कागद गावानं ऐकलाय. गावाला सांगशील का?"

(बापू असं बोलले तेव्हा मी पाचटात बसले होते. त्यांनी विळा खाली ठेवला नव्हता. मला भीती वाटली होती.)

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला सगळं गाव येतं. भाषणं झाल्यावर मी माईकपाशी गेलो. तो हिरव्या पंजाचा शर्ट घातला होता. जास्त बोललो नाही. म्हणालो, "वर्षभर तुमी मला बाई म्हणलं. आता म्हणता, पोरीसंगं हुता. दोन्ही कसं बराबर? काहीतरी एक ठरवा. मी सांगतो, पहिलं धरा. मी असाच हाय. देवला माझी मैत्रीण हाय, मला मारताना बघायला ती एकटी आली, तुमच्यातलं कुणी आलं न्हाई."

लोक हसले. मुख्याध्यापकांनी माईक बंद केला. उकंडराव उठून गेले. फुलसिंगकाका कंपाउंडच्या भिंतीजवळ उभे होते, ते मला नंतर कळलं.

परतताना ओढ्याच्या पुलावर विजयकुमारनं गाठलं. पुढचं खाली रकान्यात लिहिलं आहे.

देवलाचा फॉर्म ऑक्टोबरमध्येच भरला होता. हॉलतिकीट आलं. फुलसिंगकाकांनी तिला आजीजवळ आणून सोडलं. पेपरपुरतं. मेमधलं लग्न त्यांनी मोडलेलं नाही.

(तुमी म्हणाल मी काही बोलले का नाही. बोलले. बापू म्हणाले, आधी पेपर तर दे. तेवढंच मिळालं ताई. वसतिगृहाचा फॉर्म तरी पाठवून ठेवा. भरलेला असला की येतं, असं तुमीच लिहिलंय.)

मला पेपरला लेखनिक मिळणार आहे, पण तो खालच्या वर्गातला लागतो. देवला चालत नाही. नियम आहे, तू बघितला असशीलच.

उकंडरावांनी आबांना निरोप धाडलाय, पुंजाजीची मेंढरं यापुढं घेणार नाही.  आज आम्ही ओट्यावर बसून हे पत्र लिहीत होतो, तर आबा येऊन उभे राहिले. विचारलं, "काय लिवून राहिले?" देवलानं नोंद वाचून दाखवली. ती अशी:

२६ जानेवारी. सकाळी साडेदहा. ओढ्याचा पूल. कठड्यावर हात धरून दगडानं मारला. विजयकुमार उकंडराव. आणखी दोघं, तोंडं शर्टाआड, दिसली नाहीत. साक्षीदार...

तिथं ती थांबली. या वेळी ती नव्हती तिथं.

आबा म्हणाले, "मी हुतो की. बांधावर मेंढरं हुती माझी. समदं दिसलं. पळालो, पण पोचेपर्यंत झालं हुतं."  मग म्हणाले, "लिव. पुंजाजी लिव."

देवलानं लिहिलं. म्हणाली, अंगठा लागंल. आई शाईचं पॅड शोधायला उठली. आबांनी तिला बसवलं, वाड्यात जाऊन गेरूची वाटी घेऊन आले आणि अंगठा त्यात बुडवला. म्हणाले, "हा आपला रंग हाय." आणि विचारलं, हे पत्र कुणाला चाललंय. मी म्हणालो, ताईला. म्हणाले, "मंग ठीक."

तुझा,
प्रभू

(ताई, गेरू वाळायच्या आधीच मी कागदाची घडी घातली, टपाल निघून चाललं होतं. म्हणून अंगठा समोरच्या पानावरही उमटला असेल. साक्षीदार एकच आहे. दोन मोजू नये. देवला.)